सोडलाय की, ताई

"सोडलाय की, ताई," ते म्हणायचे, आणि हात टेबलावर लाकडासारखा ताठ असायचा.

आकुर्डीतल्या त्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझी आणि त्यांची वेळ एकच होती. माझं डावं मनगट दुचाकीवरून पडून मोडलं होतं, त्यांचं उजवं न्हाणीघरात घसरून. प्लॅस्टर निघालं म्हणून मनगट वळू लागत नाही, हे तुमच्यापैकी ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको.

उपचार करणारी मुलगी दापोडीची, तरुण. ते तिला ताई म्हणत, ती त्यांना काका. टॉवेलच्या गुंडाळीवर ती त्यांचा हात पालथा ठेवायची, पंजा टेबलाच्या कडेबाहेर. एका हातानं मनगटामागची हाडं घट्ट धरायची, दुसऱ्यानं पुढची बारीक हाडं किंचित ओढून खाली सरकवायची. ही हालचाल इतकी लहान असते की बघणाऱ्याला दिसतही नाही. अट एकच. रुग्णानं काही करायचं नाही. हात दुसऱ्याच्या स्वाधीन करायचा.

त्यांना नेमकं तेच जमत नव्हतं.

"काका, तुम्ही मदत करताय."

"न्हाई वो."

"करताय. मी हात खाली नेते, तर तुम्ही माझ्या आधी तिथं हजर."

"मंग बरंय की. तुमचं कष्ट वाचलं."

आम्ही सगळे हसायचो. तीही हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तिनं त्यांना पंख्याकडे बघायला सांगितलं, नातवाच्या खोड्या विचारल्या, डोळे मिटायला लावले. ते नातवाबद्दल भरभरून बोलायचे. हात मात्र पहाऱ्यावर असायचा.

याचं कारण त्यांनी मला एकदा खाली चहाच्या टपरीवर सांगितलं. चाकणच्या एका कारखान्यात ते पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. तरुणपणी मशीनला पायाचं पेडल होतं. शेजारचा जोडीदार बोलता बोलता बेसावध झाला. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. फक्त स्वतःची तीन बोटं दुमडून दाखवली.

"नव्या पोराला मी पयल्या दिवशी हेच सांगतो. हात ढिला सोडायचा न्हाई. आन् ही पोरगी म्हणती, सोडा."

आताच्या प्रेसला समोर दोन बटणं असतात. दोन्ही तळवे एकदम दाबले तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत सापडत नाही. पण मनगट मागं वळल्याशिवाय तळवा बटणावर पुरता बसत नाही. त्यांची सगळी धडपड त्या एका बटणासाठी होती. कंपनीनं जागा राखली होती. किती दिवस राखणार, हे कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून रोज उपचार संपले की ते भिंतीशी जायचे आणि दोन्ही तळवे टेकवून रेटायचे. घरून मनगटाला तिळाचं तेल चोळून यायचे. "तेल लावून येऊ नका, हात निसटतो," असं ताई रोज बजावायची. भिंतीवर डाग पडायचे त्याबद्दल बोलायची नाही.

"पत्रकार, बगा बरं. टेकला का?"

मी वाकून बघायचो. डावा तळवा पूर्ण टेकलेला असायचा. उजव्याची मनगटाकडची टाच उचललेली असायची, खालून बोट जाईल एवढी.

"थोडं राहिलंय," मी म्हणायचो.

"थोडंच ना?"

प्रेसच्या आवाजानं त्यांचे कान अधू झाले होते, म्हणून फोन ते नेहमी स्पीकरवर घेत. एका सकाळी हात ताईच्या हातात असतानाच फोन वाजला. पलीकडे त्यांचा सुपरवायझर होता. आवाज तरुण, बोलणं अदबीचं.

"काका, तब्येत काय म्हणते?"

"झाक हाय, साहेब. थोडं राहिलंय. सोमवारी येतोच."

"घाई नका करू. तुमच्या मशीनवर दुसरा माणूस बसवलाय. तुम्ही निवांत बरे व्हा."

"मंग मी कुठल्या मशीनवर?"

"बघू ना, काका. आधी बरे तर व्हा."

"व्हय."

फोन बंद झाला. ताईनं मान वर केली नाही. मग मला दिसलं, पंजा टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होता. बोटं आपसूक वळली होती, झोपलेल्या माणसाची वळतात तशी.

ताई क्षणभर थांबली. मग तिनं हाडं सरकवली, एकदा, पुन्हा एकदा, आणि पंजा हळूहळू मागे नेला. तो गेला. इतके दिवस गेला नव्हता तिथवर गेला.

ते आपल्या हाताकडे बघत होते, दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसे.

"एवढंच व्हतं व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो, काका."

त्या दिवशी ते भिंतीकडे गेले नाहीत. चपला घातल्या, मला मानेनंच 'येतो' म्हणाले आणि जिना उतरले. पुन्हा आले नाहीत. ताईनं फोन करून पाहिला; सुनेनं उचलला. बरे आहेत, घरीच असतात, म्हणाली.

भिंत अजून रंगवलेली नाही. तेलाचे दोन डाग तिथं आहेत. डावा तळवा पूर्ण उमटलाय. उजव्याला टाच नाही.