निलंग्यात शिकवलेली इंग्लंडातली गरिबी

इतिहास विभागात काही घडत नाही, जे घडायचं ते कधीच घडून गेलेलं असतं, असं आमच्या कॉलेजात सगळे म्हणायचे. पण आम्ही जुने सहकारी भेटलो की किस्से निघतातच. एकानं एक काढला की दुसऱ्याला त्याच्या शेजारचा आठवतो. लिहून मात्र कुणी ठेवले नाहीत. इतिहासाचा विभाग असूनसुद्धा.

माझं माहेर नांदेडचं. गोदावरीकाठची मुलगी मी. नोकरी लागली निलंग्याला, आणि लागली तीही ऐन दुष्काळात. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच उस्मानाबादपासून वेगळा झाला होता. कॉलेजसाठी पाण्याचा टँकर जुन्या जिल्ह्याकडं मागायचा की नव्या, यावर स्टाफरूममध्ये जोरात चर्चा चालायची. आमचे विभागप्रमुख बिराजदार सर कोपऱ्यात बसून ऐकायचे. कपाळाला विभूती, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. एक दिवस म्हणाले, "जिल्हा बदलला. विहीर तीच आहे."

चर्चा संपली. हा विनोद होता का, ते मी घरी गेल्यावर ठरवलं.

*

बी.ए.ला 'आधुनिक इंग्लंड' असा पेपर होता. त्यातलं एक प्रकरण माझ्या वाट्याला आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या सरकारनं गरिबीवर इलाज म्हणून केलेले कायदे. शाळेत मुलांना जेवण, म्हाताऱ्यांना पेन्शन, बेकारांना काम कुठं आहे ते सांगणारी कचेरी, कामगारांना आजारपणाचा विमा.

पहिल्याच तासाला सुलोचना नावाची मुलगी उभी राहिली. हुशार, आणि तोंडानं फटकळ. म्हणाली, "मॅडम, आपल्यावर इंग्रज नव्हतेच की. निजाम होता. मग इंग्रजांचं आपुन कामून शिकायचं?"

प्रश्न बरोबर होता. तेवढ्यात बाहेरून बिराजदार सर चालले होते, ते दारात थांबले.

"निजामाचा पेपर पुढच्या वर्षी आहे," एवढं बोलून ते पुढं गेले.

*

मग शाळेतल्या जेवणाचा कायदा आला. सैन्यभरतीला आलेली पोरं इतकी अशक्त निघाली की सरकार हादरलं, आणि उपाशी पोराला अक्षर दिसत नाही हे तेव्हा कुठं मान्य झालं, असं मी रंगवून सांगत होते. काय द्यायचे जेवायला, असं कुणीतरी विचारलं. मीही उत्साहानं सांगितलं. दुधातली लापशी, वाटाण्याचं गरम सूप, पाव.

मागच्या बाकावरून महादेव हळूच म्हणाला, "मॅडम, ह्यो पाठ दुपारच्या सुट्टीनंतर घ्या."

पोरं हसली. महादेव हसला नाही. तो औरादच्या बाजूच्या एका खेड्यातून सकाळच्या एसटीनं यायचा. मी स्टाफरूममध्ये ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. बिराजदार सर कोपऱ्यातच बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी महादेवला बोलावलं आणि डबा पुढं ठेवला. "डॉक्टरांनी मला एकच भाकर सांगितली आहे. घरी ऐकत नाहीत, चार बांधतात. परत नेल्या तर मला बोलणी खावी लागतात. तू एवढं काम कर."

महादेवनं मान खाली घातली. "सर, मी जेवून आलोय."

"मी विचारलं का?" सर म्हणाले.

तो डबा वर्षभर चालला. सरांच्या पत्नी मला पुढं एका लग्नात भेटल्या. तब्येत कशी आहे सरांची, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तब्येतीला काय धाड भरलीय? लग्नापासून डॉक्टरची पायरी चढले न्हाईत. त्या वर्षी मात्र चार भाकरी खायचे अन् घरी येऊन परत जेवायचे."

*

जानेवारीनंतर वर्ग ओस पडायला लागला. निम्मी पोरं रोजगार हमीच्या कामावर. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं होतं, तिथं खडी फोडायला जायची. चाचणी परीक्षा तोंडावर. मी म्हटलं, पोरांना निरोप पाठवू. बिराजदार सर म्हणाले, "निरोपानं काय होणार? आपणच जाऊ."

गेलो. दुपारची जेवणाची वेळ होती. मुकादम सरांना साहेब समजला आणि पळत पाणी घेऊन आला. सर पाणी प्यायले, त्यांनी तो गैरसमज तसाच राहू दिला आणि लिंबाखाली, मुरमाच्या ढिगावर बसून तास सुरू केला. आजूबाजूच्या बायाही भाकरी खात ऐकायला लागल्या.

सर सांगत होते, "या सुधारणांच्या आधी इंग्लंडात गरिबांसाठी आश्रमशाळेसारखी घरं होती. पण ती तुरुंगापेक्षा वाईट. नवराबायकोला वेगळं ठेवायचे. फुकट खायला मिळू नये म्हणून काम द्यायचे. काम कुठलं, तर दगड फोडायचं. माणसाला कमीपणा वाटावा म्हणूनच ते काम. नंतर लोकांच्या लक्षात आलं, की हे बरोबर नाही. तिथून सुधारणा सुरू झाल्या."

सुलोचना हातोडी मांडीवर ठेवून बसली होती. तिनं समोरच्या खडीकडं बघितलं.

"म्हणजे सर, आपुन अजून सुधारणेच्या आधीच्या पाठात हाव."

तेवढ्यात मुकादम म्हणाला, "साहेब, सुट्टी संपली."

*

त्याच परीक्षेतला एक पेपर. विम्याच्या कायद्यावर टीप लिहायची होती. विमा सक्तीचा केला, हे उत्तर. एका विद्यार्थ्यानं लिहिलं, 'या कायद्यानुसार कामगारांना आजारी पडणे सक्तीचे करण्यात आले.'

मी शून्य दिलं. बिराजदार सरांनी खोडून अर्धा मार्क केला. मी विचारलं, हा अर्धा कशाचा?

"त्याच्या गावात गढूळ पाण्यानं साथ आली आहे," सर म्हणाले. "त्यानं जे पाहिलं ते लिहिलं."

*

आता महादेवच्या आजीची गोष्ट.

महादेव घरी मोठ्यानं वाचायचा. आजी ऐकायची. बाप हैदराबादकडं कामाला गेला तो परत आलाच नव्हता, आई आधीच गेलेली. आजी दुसऱ्याच्या शेतात जायची, पण त्या साली शेतात कामच नव्हतं. निराधारांच्या योजनेत ती बसत नव्हती, कारण तिला मुलगा होता. मुलगा कुठं होता, हे कुणालाच माहीत नव्हतं.

एक दिवस महादेवबरोबर ती कॉलेजात आली. धुतलेलं लुगडं, अनवाणी. स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. "पेन्शनीचं शिकिवत्यात त्या बाई कोणत्या?"

मी तिला आत बसवलं. म्हटलं, "आजी, ते इंग्लंडातलं आहे."

"हाव, पोरगं बोललं. लई लांब हाय. पर काय काय लागतंय ते तर सांगा."

मी सरांकडं बघितलं. सरांनी खुर्ची तिच्याकडं वळवली आणि एखाद्या पदवीधराशी बोलावं तसं बोलू लागले. "पैसे दर आठवड्याला पोस्टात मिळायचे. पण सत्तरी पूर्ण पाहिजे. तुमचं वय?"

"साठ असंल. ऐंशी बी असंल."

"आयर्लंड म्हणून एक देश आहे, तिथल्या म्हाताऱ्यांनाही वय माहीत नव्हतं. मग त्यांना विचारायचे, तुमच्या लहानपणी एक मोठं वादळ झालं होतं, ते आठवतं का? आठवलं की सत्तरी मान्य."

आजीनं जरा विचार केला. "आठवतंय की. घरावरचे पत्रे उडाले."

"वय झालं," सर म्हणाले. "आता चालचलणूक. तुरुंगात गेलेल्याला द्यायचे नाहीत."

आजीनं पदर सावरला. मग म्हणाली, "मग मला न्हाई मिळायची. निजामाच्या राज्यात सरकारात भरायची ज्वारी पेवात पुरून लपिवली म्हणून मला धरलं होतं."

महादेव तिच्याकडं बघतच राहिला. त्याला हे ठाऊक नव्हतं. सर मात्र तसेच, निर्विकार.

"इंग्रजांच्या कायद्यात निजामाचा तुरुंग धरत नाहीत," ते म्हणाले. "तुम्ही बसता."

"बसते?"

"बसता."

आजी उठली. आम्हा दोघांना हात जोडले आणि नातवाला घेऊन निघाली.

दुसऱ्या दिवशी महादेव भेटला. मी विचारलं, आजी नीट पोचली का?

"पोचली मॅडम. पर तिनं एसटी चुकिवली. स्टँडला जाताना पोस्ट लागलं, तर पायरीवर जाऊन बसली. उठंचना. मी म्हणलं, आजी, ते इंग्लंडात हाय."

"मग?"

"म्हणली, 'ठावं हाय रं मला. कसं वाटतंय ते बघून राहिले.'"