फाट्यावरचा आकडा

पृथ्वीच्या पाठीवर एकूण माणसं किती, हे कुणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही; पण आमच्या फुवांच्या गावात आज सकाळी किती माणसं आहेत, हे फुवांना तोंड धुण्याआधी ठाऊक असायचं. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्या खानदेशात आत्या ती फुई आणि तिचा नवरा तो फुवा. पिंपळनेरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत त्यांचं गाव. तिथल्या ग्रामपंचायतीत ते शिपाई होते, आणि निवृत्त झाले हे त्यांना कुणी नीट समजावून सांगितलंच नसावं. फाट्यावर गावाच्या नावाची पत्र्याची पाटी होती. नाव, तालुका, जिल्हा आणि खाली लोकसंख्या. ती त्यांनीच रंगवलेली. पण लोकसंख्येचे शेवटचे दोन आकडे रंगाचे नव्हते, खडूचे होते. गावात पाळणा हलला की फुवा खडू घेऊन निघायचे, आणि कुणाचा दहावा झाला की ओला फडका घेऊन. पावसाळ्यात खडू धुऊन जाऊ नये म्हणून त्या दोन आकड्यांवर त्यांनी खताच्या गोणीचा तुकडा खिळ्याने लटकवला होता. अंगावर इरलं घेतलेली लोकसंख्या मी दुसऱ्या कुठल्याही गावात पाहिली नाही.

गावाच्या सीमांबद्दल तर विचारूच नये. पाहुण्याने नुसतं अमक्याचं घर कुठे म्हटलं, तरी फुवा उगवतीच्या नाल्यापासून सुरुवात करत आणि मावळतीच्या डोंगराला वळसा घालून त्याच्या दाराशी येत. तोवर त्या घरचा माणूसच पाहुण्याला शोधत आलेला असे. एकदा एक बाई साक्रीच्या दवाखान्यातून परत पाठवलेली, एसटीतच बाळंत झाली. सगळं गाव बाळ-बाळंतिणीभोवती गोळा झालं. फुवा मात्र कंडक्टरला धरून बसले. "बाभूयना अलीकडे का पलीकडे, ते सांग!" शिवेवरची बाभूळ मागे टाकल्यावर पोर रडलं, असं कंडक्टरने कसंबसं आठवून सांगितलं, तेव्हा फुवांनी एक आकडा वाढवला आणि मग बाईची विचारपूस केली.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा त्यांचा मोठा सण. लेकी माहेरी येत, झाडाझाडाला झोके बांधले जात, आणि फुवा एकेका लेकीला तिच्या पोरांसकट पाटीवर चढवत. चार दिवसांनी त्या परत निघाल्या की तेच आकडे पुसताना त्यांचे डोळे भरून यायचे, आणि खडूची धूळ गेली म्हणून ते सांगायचे. पोटासाठी सुरतेला गेलेल्यांना मात्र ते कधी पुसत नसत. "पोट सुरतले गयं, माणूस आठेच शे," असं म्हणत. फक्त एक नेम होता, आणि तो साऱ्या गावाला पाठ होता: "तीन आखाज्या जो उना नही, तो गावना नही." या नेमाने, लागोपाठ तीन आखाज्यांना न आलेल्या सख्ख्या पुतण्यालाही त्यांनी पुसलं होतं.

आणि मग त्यांच्याच मुलाच्या दोन आखाज्या चुकल्या. एकुलता एक मुलगा. सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता. त्याने तिकडेच, न विचारता, लग्न केलं आणि फुवा फोनवर त्याला लागेल असं काहीतरी बोलले. तिसऱ्या आखाजीला फुई चार दिवस दारातच होती. पोरगा आला नाही. तिने मला धुळ्याहून बोलावून घेतलं. "तू बोल रे त्यासले. पोर्‍याले पुसाले नको सांग," म्हणाली. मी फाट्यापर्यंत फुवांच्या मागे मागे गेलो, सारखा बोलत राहिलो. त्यांनी आधी सासरी गेलेल्या लेकी पुसल्या. मग बराच वेळ पाटीपुढे उभे राहिले, आणि आणखी एक आकडा कमी केला.

"फुवा, तुम्हाला काळीज आहे की नाही?" मी म्हटलं.

"नेम म्हंजे नेम," एवढंच बोलून ते फडका झटकत घरी निघाले. मी आलेल्या बसने धुळ्याला परतलो, फुईलाही न भेटता.

त्यानंतर मी तिकडे गेलो नाही. गावची माणसं धुळ्याला भेटत, त्यांच्याकडून फुवांच्या नव्या तऱ्हा कळत. ग्रामसभेला जायचे, पण हात वर करायचे नाहीत. भंडाऱ्याला गावकऱ्यांच्या पंगतीतून उठून परगावच्या माणसांत जाऊन बसायचे. का म्हणून विचारलं तर म्हणत, "मी पाव्हणा शे आते." सगळे हसत. मीही हसलो होतो.

पुढची आखाजी यायच्या आत फुवा गेले. मुलगा बायकोला घेऊन आला, अग्नी दिला, दहाव्यापर्यंत थांबला. दहावा उरकल्यावर कोनाड्यातला खडू आणि फडका मीच उचलला. नेम त्यांचा होता. निदान तो तरी पाळावा, असं वाटलं. मुलगा माझ्याबरोबर निघाला. फुईने आम्हाला दारातच अडवलं.

"ठी दे तो खडू," ती म्हणाली. "त्यास्ना आकडा त्यास्नी कव्हयच पुशी टाकेल शे."

मला कळेना. तिने मुलाकडे पाहिलं.

"त्या दिन तुले नही पुसं त्यास्नी. सोताले पुसं. कोनले सांगू नको म्हणे. नेम मोडाले नको आन् पोर्‍याबी जावाले नको, म्हणे."

मुलगा उंबऱ्यावरच बसला. मला माझं फाट्यावरचं वाक्य आठवलं, आणि ते ऐकून फडका झटकत निघून गेलेले फुवा आठवले. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी आम्ही दोघं रिकाम्या हातांनी फाट्यावर गेलो. गोणीचा तुकडा वर करून मुलाने ते दोन आकडे नुसते पाहिले. त्यांच्याच हातचे होते, जरा तिरके. माझे फुवा गेले, आणि गावातलं एकही माणूस कमी झालं नव्हतं.