पंपवाल्याचा मीटर

आमच्या शहापुरातला पाण्याचे पंप दुरुस्त करणारा पंपवाला पुस्तकाला मानत नाही, मीटरला मानतो. दोन धातू मिठाच्या पाण्यात बुडवतो, काटा बघतो, मगच तोंड उघडतो.

मी रसायनशास्त्राचा पदवीधर. कोणता धातू किती सहज इलेक्ट्रॉन सोडतो, तो इलेक्ट्रोड विभवांचा तक्ता अजून तोंडपाठ. तरी लोखंडी टाकीला तांब्याचा नळ मीच ऐटीत बसवला, आणि मुलीच्या हळदीच्या सकाळीच टाकी गळू लागली.

बोलावल्यावर आलेला पंपवाला मीटर दाखवत म्हणाला, "सर, लोखंड देतंय, तांबं खेचतंय. जोडलं का देणारं झिजतं. तुमच्या तक्त्यात नव्हतं काय?"

"इलेक्ट्रॉन देणाऱ्याला क्षपणक म्हणतात," मी अब्रू सावरली.

"म्हणा. पण आधी बादली धरा."

भोक बुजवून त्याने टाकीला जस्ताचा तुकडा जोडला. जस्त लोखंडाहून उदार. आता आधी तेच झिजणार.

संध्याकाळी बायको पाहुण्यांना म्हणाली, "हे आमचे रसायनतज्ज्ञ." मी हसत पुढे झालो. तिचं बोट पंपवाल्याकडे होतं.