रत्नमालाबाईंचं लाल पाणी

रत्नमालाबाई गोड स्वभावाच्या आहेत असं आमच्या गावात कुणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. मोहाडीकडच्या आमच्या विणकर संस्थेत कोसा रेशीम रंगवून उरलेलं पाणी साफ करणं हे त्यांचं काम. मी तिथला चौकीदार, त्यामुळे त्यांची बोलणी रोज खातो.

पाणी आधी टाक्यात जातं. तिथे जंतू रंग खातात. शेण-गूळ घालून बाईंनीच ते वाढवले. जंतूंना जे पचत नाही ते पाणी मग उथळ ट्रेमध्ये उन्हात पसरायचं. ट्रेच्या तळाला पांढऱ्या पावडरीचा थर आहे, ऊन पडलं की तो उरलेला रंग तोडतो. त्यानंतरच पाणी तलावात सोडायचं, कारण तलावातल्या मासोळीवर ढिवरांची घरं चालतात.

गेल्या श्रावणात प्रदूषण तपासणीचे साहेब येणार होते आणि चार दिवस उन्हाचा पत्ता नव्हता. ट्रे लालभडक. रंगखाना बंद पडेल या धास्तीनं अध्यक्ष केशवरावांनी ब्लिचिंगचं पोतं मागवलं. टाक्यात ओतलं की ट्रेपर्यंत सगळं पाणी पांढरं. पोतं खांद्यावर घेऊन गेलो तो मीच.

बाई टाक्याच्या झाकणावर जाऊन बसल्या.

"रत्नमालाबाई, उठा ना. कायले अडून राहिल्या?" केशवराव म्हणाले.

"ब्लिचिंगनं रंग जाते, जहर नाई जात. अन् माये जंतू मरतीन."

"जंतूच तं हायेत!" मी खवळलो. "इथं आमच्या पोटाचा सवाल हाय."

"तुलेच पोट हाय का तुलाराम? ढिवरांले नाई?"

मी रागानं पोतं खाली आपटलं. तेवढ्यात साहेबांची गाडी आली.

ट्रे पाहून साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. केशवराव तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "लाल हाय साहेब. ऊन नाई, म्हणून साफ झालं नाई. साफ झालं नाई, म्हणून सोडलं नाई."

साहेबांनी तलावाकडची नाली जाऊन पाहिली. कोरडी ठणठणीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले. काय लिहिलं, कुणालाच कळलं नाही.

"उद्यापासून येऊ नका," केशवराव बाईंना म्हणाले.

"पगार बंद करा. मी येईन. जंतूंले उद्या बी भूक लागन."

सकाळी फाटकाला कुलूप लावायचा हुकूम होता. बाई गुळाची ढेप घेऊन बाहेर उभ्या. मला स्वतःची लाज वाटली. मी कुलूप काढलं.

"किती वेळ लावतं रे," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.