खंडोजीची कडू जलेबी

खंडोजी मोऱ्यांचे पूर्वज मराठ्यांच्या घोड्यांना चारा घालत माळव्यात उतरले. घोडे गेले, राज्य गेलं, चारा घालायची सवय तेवढी राहिली. सतवासच्या शिवेवर खंडोजीच्या दोन म्हशी आहेत, चार शेळ्या आहेत, आणि साठ वर्षं जनावरांकडे बघून कमावलेलं ज्ञान आहे. ते तो न मागता देतो.

सून रुची पोळीचा घास घेऊन नातीच्या, चिऊच्या, मागे अंगणभर पळू लागली की खंडोजी बाजेवरून सुरू व्हायचा.

"रुची, शेळीला कधी पिलामागे पळताना पाहिलंस? पिल्लू लुचतं, पोट भरलं की तोंड फिरवतं. जास्त लाडात आलं तर आई लाथ घालते. म्हणून तर गोठ्यात एकाला तरी शुगर आहे का?"

"गोठ्यात नाही, बाबा. बाजेवर आहे."

खोटं नव्हतं. खंडोजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, सगळं जग सायीतून पाहिल्यासारखं. देवासच्या डॉक्टरनं दोनदा परत पाठवलं: शुगर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही. दुसऱ्यांदा परत आला त्या संध्याकाळी त्यानं म्हैस समजून शेजाऱ्याच्या काळ्या मोटरसायकलीपुढे पेंडीचं घमेलं ठेवलं आणि "खा ग बाई" म्हणून सीटवर थोपटलंसुद्धा. तेव्हा त्याच्या बायकोनं, पार्वतीनं, घरातली साखर कुलपात टाकली.

पण रोज सकाळी डेअरीत दूध घालून येताना बंडीच्या खिशात गोलू हलवायाकडून नातीच्या नावानं घेतलेल्या चार जलेब्या असायच्या. पुडी गोठ्यात भुशाच्या पोत्यामागे ठेवायची, घरात जाऊन पार्वतीच्या नाकासमोर तोंड वाकडं करत फिका चहा प्यायचा, "बघ, कसा त्याग करून राहिलो!" म्हणायचं, आणि म्हशीला पाणी दाखवायच्या नावाखाली परत गोठा गाठायचा.

त्याच दिवसांत म्हशीचं पारडू दुधावरून तोडायचं होतं. दहा महिन्यांचं धूड, तरी आईची सडं सोडेना. पार्वतीनं वाटीभर कडुनिंबाचा पाला वाटला आणि धार काढून झाल्यावर म्हशीच्या सडांना लेप दिला. पारड्यानं तोंड लावलं आणि असं फुरफुरलं की खंडोजी आवाजावरूनच हसला.

"ना मार, ना शिव्या! पोरं अशी वाढवावीत, रुची. शीक काही सासूकडून."

दोन दिवसांनी त्यानं जलेबीला दात लावला आणि तोही तसाच फुरफुरला. कडूजहर! ओरडावं तर पुडी उघडी पडते. डोळे मिटून घास गिळला आणि म्हशीच्या बादलीतलं पाणी प्याला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तो गोलूच्या दुकानात उभा.

"भिया, तुझं तेल जळून राहिलंय. जलेबी कडू लागते."

"काका, सकाळपासून पन्नास लोक खाऊन गेले, एकानं तोंड वाकडं नाही केलं. घ्या, इथंच चाखा."

पण दुकानात चाखली तर खंडोजीच्या आधी खबर घरी पोचणार. तो न चाखताच परतला, आणि वाटेत हिशेब मांडू लागला. गोलूची जलेबी जगाला गोड लागते, आपल्यालाच कडू? म्हणजे शुगर डोळ्यांतून जिभेत उतरली! डोळे गेले तर गेले. जीभ गेली तर माणसानं जगायचं कशासाठी?

त्या दिवसापासून जलेबी बंद. भीतीपोटी सकाळ-संध्याकाळ शेळ्यांमागे टेकडी चढू लागला. शेळ्या वैतागल्या, पण शुगर उतरली. दोन महिन्यांनी डॉक्टरनं पहिला डोळा केला.

पट्टी निघाली. घरी आल्यावर त्यानं पार्वतीला निरखून पाहिलं.

"अग, तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तुमची शुगर उतरायची वाट पाहता पाहता."

मग तो गोठ्यात गेला. पारडू दूर बांधलेलं, आपला कडबा आपण खात होतं. सगळं कसं लख्ख दिसत होतं: दावं, गव्हाण, भुशाचं पोतं. आणि पोत्यामागे, बरोब्बर पुडीच्या जागेवर, एक वाटी. वाटीत हिरवागार लेप, आत्ताच वाटलेला.

खंडोजीनं लेपात बोट बुडवून जिभेला लावलं: तेच कडूजहर! त्याला गोलूची माफी मागावीशी वाटली.

"पार्वती, पारडू तर केव्हाच तुटलं. मग हा ताजा लेप कुणासाठी?"

"धाकटं तुटलं," पार्वती शेण काढता काढता म्हणाली. "थोरल्याचा भरवसा नाही. आता तर त्याला गोलूचं दुकान लांबूनच दिसेल."