डाव्या हाताची शेती

"'यहीं कहीं' कोई जगह नहीं होती!"

रणभिसे काकूंच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. गाझियाबादच्या वैशालीत नव्याने उभ्या राहिलेल्या आमच्या सोसायटीत मी राहायला आले, त्या दिवशी हा आवाज खालून जिना चढत वर आला. चौकीदाराने त्यांचं एक रजिस्टर्ड पत्र घेऊन ठेवलं होतं आणि कुठे ठेवलं विचारल्यावर "यहीं कहीं होगा, मैडम" असं म्हणाला होता. काकूंनी त्याला केबिनमधला एकेक खण उघडायला लावला. पत्र मिळाल्यावर आभार वगैरे काही नाही. जिन्यात माझे खोके ओलांडताना त्यांनी एकावर छापलेलं सांगलीच्या दुकानाचं नाव वाचलं आणि थेट मराठीत म्हणाल्या, "कशात काय आहे ते लिहिलेलं नाहीस. शोधणार कशी?"

काकूंचं सगळं आयुष्य रेकॉर्ड रूममध्ये गेलं होतं. मूळच्या त्या नगरच्या. लग्न होऊन दिल्लीत आल्या आणि कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कचेरीत फायली सांभाळत निवृत्त झाल्या. साहेब लोक फाइल मागवत आणि परत करायला विसरत. मग काकू स्वतः त्यांच्या खोलीत जाऊन उभ्या राहत. "'आहे कुठेतरी' म्हणजे नाही," हे त्या तिथे शिकल्या आणि घरी आणलं. त्यांच्या घरात हळदीच्या डब्यालाही जागा होती, ख्रिसमसच्या चांदणीलाही आणि चर्चच्या पावत्यांनाही. त्यांचा राग म्हणजे काही क्षणात येणारा आणि जाणारा राग नव्हता. तो कायम असे, फक्त त्याचा पत्ता बदले.

त्यांचे यजमान, जेकब काका, मात्र निवांत माणूस. केंद्र सरकारच्या एका खात्यात ते देशभरच्या पीकपाण्याचे अहवाल तयार करायचे. "सगळ्या देशाची पिकं कागदावर काढली, घरात एक पुदिना जगवला नाही," असं काकू म्हणायच्या. निवृत्तीच्या जरासं आधी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ऐकलेलं बरंचसं कळे, पण शब्द ओठांशी येऊन अडकत. लिहिणंही आता जमणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

त्यांचा मुलगा अमोल अमेरिकेत होता. एका सुट्टीत येऊन त्याने घरात कॉम्प्युटर बसवला आणि त्यावर एम्युलेटर टाकला. म्हणजे टीव्हीला जोडून खेळायची जुनी जपानी यंत्रं असत, त्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. त्यात शेतीचा एक खेळ होता. एक पडीक जमीन मिळते, ती साफ करायची, पेरायची, पाणी घालायचं, गाय घ्यायची. काकांना उजवा हात नाही म्हणून अमोलने खेळाची सगळी बटणं कीबोर्डच्या डाव्या बाजूच्या सहा-सात अक्षरांवर आणून ठेवली. दोन दिवस बापलेक शेजारी बसून खेळले. मग अमोल गेला आणि काका खेळत राहिले, दोन वर्षं.

काकूंना तो खेळ डोळ्यांसमोर नको असे. "साठीच्या माणसाला भोपळे पेरायला बसवलंय," असं म्हणत त्या स्क्रीनकडे पाठ करून भाजी निवडत. काका डाव्या हाताने हळूहळू बटणं दाबत आणि मधूनच हसत. कशाला हसले, हे कधी कुणी विचारलं नाही.

मी नोएडात एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होते, त्यामुळे सोसायटीतल्या प्रत्येक बिघडलेल्या कॉम्प्युटरवर माझा हक्क आहे असं सगळ्यांना वाटे. मलाही वाटे. एका रविवारी सकाळी काकूंनी मला बोलावलं. कुठल्याशा सीडीवरून व्हायरस आला होता, मशीन दर दहा मिनिटांनी बंद पडत होतं. मी पाहिलं आणि म्हणाले, "काकू, फॉर्मॅट करावं लागेल. काही ठेवायचंय का?"

"अमोलच्या मुलीचे फोटो," काकू म्हणाल्या. "बाकी काही नाही."

मी फोटो सीडीवर उतरवले. खेळाची फाइल डी ड्राइव्हवर दिसली. पुसायची होती ती सी, डिस्कचा दुसरा भाग. मी समाधानाने म्हणाले, "काकांचा गेम सेफ आहे, बिल्कुल काळजी नको."

तेवढ्यात काका खुर्चीच्या हातावर डावा हात आपटायला लागले. एकदा, दोनदा, मग सारखेच. तोंडातून नुसता "न... न..." असा आवाज. काकू म्हणाल्या, "बाथरूमला जायचं असेल," आणि त्यांची चाकाची खुर्ची वळवून त्यांना आत घेऊन गेल्या. ते मान मागे वळवून माझ्याकडे पाहत होते. मी हसून हात हलवला आणि बटण दाबलं.

दुपारपर्यंत विंडोज नव्याने बसली. एम्युलेटर मी पुन्हा टाकला, डीवरचा खेळ उघडला आणि काकांना समोर आणलं. त्यांनी नेहमीची अक्षरं दाबली. काहीच हललं नाही. पुन्हा दाबली. मी जवळ जाऊन पाहिलं. प्रोग्रॅमने बटणं आपल्या मूळ जागी, उजव्या हाताला नेऊन ठेवली होती. आणि पडद्यावर दोन वर्षांच्या शेताच्या जागी एकच ओळ होती. 'नवा खेळ'.

खेळ डीवर होता हे खरं. पण खेळलेलं सगळं, कुठवर आलो, काय पेरलं, आणि बटणांची ती सगळी मांडणी, हे एम्युलेटर स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवत होता. ते फोल्डर सीवर होतं. हे मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर पाहायला दोन मिनिटं पुरली असती.

"कुठे गेलं?" काकूंनी विचारलं.

"उडालं, काकू."

"उडायला ते काय पाखरू आहे? जागा सांग."

मी जागा सांगितली. डिफॉल्ट, बटणं, सेव्ह, सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि मग त्यांचा आवाज असा चढला की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. "डिफॉल्ट म्हणजे काय गं? कुणीतरी परक्याने ठरवायचं की माझ्या घरातली वस्तू कुठे राहणार? त्याने माझं घर बघितलंय? ह्यांचा हात बघितलाय? आणि तू! इंजिनीयर ना तू? कचेरीतला शिपाईसुद्धा रद्दी बाहेर काढण्याआधी उलटून बघतो!"

मी म्हणाले, "पण मी विचारलं होतं, काकू."

"मला विचारलंस," काकू म्हणाल्या. मग एकदम थांबल्या. काका खुर्चीत मान खाली घालून बसले होते. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "ह्यांना नाही विचारलंस. हे ओरडत होते, आणि मी... मी ह्यांना संडासात नेऊन बसवलं."

त्याच संध्याकाळी त्यांनी अमोलला फोन लावला. मी तिथेच होते, मला जायची परवानगी नव्हती. स्पीकरवर अमोल म्हणाला, "आई, गेमच तर आहे. पुन्हा सुरू करतील." मग म्हणाला, "नावं मात्र गेली बाबांची. शेताला, कुत्र्याला, गाईला नाव द्यावं लागतं ना, एकेक अक्षर निवडून. त्यांनी स्वतः दिली होती. मी पाहत होतो."

काकू म्हणाल्या, "काय नावं दिली होती?"

"आता आठवत नाही गं."

काकूंनी फोन ठेवला. आदळला नाही, ठेवला. "दोन वर्षांत ह्या माणसाने चार शब्द लिहिले," त्या म्हणाल्या, "डॉक्टर नाही म्हणत असताना लिहिले. एकाने वाचले तो विसरला. दुसरीने पुसले. आणि मी भाजी निवडत होते." पुढचे चार महिने त्या अमोलशी बोलल्या नाहीत. त्याचा फोन आला की काकांच्या कानाला लावून स्वतः उठून जात.

दुसऱ्या दिवशी हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन त्या माझ्याबरोबर नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात आल्या. तिथे एका दुकानात पुसलेल्या फायली काढून देत. दुकानदार म्हणाला, "आंटीजी, इसके ऊपर तो नई विंडोज़ चढ़ गई है."

"तो नीचे वाली निकालो."

"मिल भी गई तो नाम नहीं रहेगा."

"बिना नाम की दे दो. नाम मैं ढूँढ लूँगी."

शेकडो बिननावी फायली मिळाल्या. पुढचे तीन रविवार मी एकेक फाइल एम्युलेटरला देऊन पाहत होते आणि काकू वहीत क्रमांक लिहून पुढे 'नाही' असं लिहीत होत्या. शेवटच्या फाइलपुढेही त्यांनी स्वच्छ अक्षरात 'नाही' लिहिलं आणि वही मिटली. "आता मला शिकव," त्या म्हणाल्या. हा हुकूम होता.

मी खूप शिकाऊ माणसं पाहिली आहेत, पण रागाने शिकणारं माणूस हे एकच. आधी बटणांची मांडणी. काका कोणत्या बोटाने किती लांब पोहोचतात, हे त्यांनी कीबोर्डवर खडूच्या खुणा करून पाहिलं. अमोलच्या मांडणीत एक बटण काकांच्या करंगळीला ताण देत होतं. दोन वर्षं देत होतं. काकूंनी ते अंगठ्याखाली आणलं आणि अमोलच्या नावाने पुन्हा एकदा भडकल्या. मग एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये जाऊन, मी सांगेन तसं नव्हे, तर मला प्रत्येक ओळीचा अर्थ विचारून, त्यांनी सेव्हची जागा बदलली. डी ड्राइव्हवर 'JACOB' नावाचं फोल्डर, त्यात एक खेळलेल्याचं, एक सेटिंगचं. रोज जेवणाआधी त्याची नक्कल फ्लॉपीवर. फ्लॉप्या दोन, आलटून पालटून, आणि दुसरी माझ्या घरी. "एका घराला आग लागली तर?" असं त्यांनी मला विचारलं होतं. मी फ्लॉपी घेतली.

काका मात्र दोन आठवडे कॉम्प्युटरसमोर बसायला तयार नव्हते. खुर्ची तिकडे वळवली की डोळे मिटून घेत. काकूंनी समजूत काढली नाही, ते त्यांना येतही नव्हतं. एका सकाळी त्या स्वतःच समोर बसल्या आणि वेड्यासारखं खेळायला लागल्या. बिया दगडावर टाकल्या, पाणी रस्त्यावर ओतलं. मागून काकांचा डावा हात आला आणि त्याने काकूंचा हात कीबोर्डवरून ढकलून दिला.

नवा खेळ सुरू झाला. शेताला नाव द्यायची वेळ आली तेव्हा काकूंनी मला हाक मारून बोलावलं. साक्षीदार हवा होता. पाचच अक्षरांची जागा होती. काकांना त्याला पाऊण तास लागला. मधे दोनदा वीज गेली, यूपीएस ओरडायला लागला, काकू त्या यूपीएसवरही ओरडल्या. शेवटी पडद्यावर अक्षरं आली: PARAT.

"परात?" काकू म्हणाल्या. "कणकेची?"

काका हसले. खांदे हलेपर्यंत हसले. मग मान हलवून त्यांनी डाव्या हाताने हवेत एक गोल काढला, पुन्हा त्याच जागी येणारा.

"परत," काकू म्हणाल्या. "बरं. परत." आणि वहीत लिहून घेतलं, तारीख-वेळेसकट. कुत्र्याचं नाव, गाईचं नाव, सगळं लिहून घेतलं. गाईला काकांनी SUSHI असं नाव दिलं. काकूंचं नाव सुशीला. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "गाय! आणखी काही मिळालं नाही!"

पुढे दीड वर्ष काकू रोज त्या खेळाच्या शेजारी बसल्या. दुसऱ्या हिवाळ्यात काकांना न्यूमोनिया झाला आणि ते गेले. अमोल आला. घर आवरताना त्याने विचारलं की कॉम्प्युटर कुणाला द्यायचा का. काकूंनी त्याला खुर्चीत बसवलं, खेळ उघडून दिला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. तो तासाभराने बाहेर आला, डोळे लाल होते. काकूंनी त्याला जवळ घेतलं नाही. पण जेवायला वाढलं आणि "पोळी गरम आहे, घे" म्हणाल्या. अबोला चार महिन्यांचा, पण मनातलं दीड वर्षांचं भांडण त्या पोळीवर मिटलं की नाही, मला सांगता येणार नाही.

नगरला बहिणीकडे कायमचं जायचं ठरल्यावर मी त्यांना सामान बांधायला मदत केली. प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहिलं. धीर करून म्हणाले, "काकू, तुमचा अजून राग आहे माझ्यावर?"

"आहे," त्या म्हणाल्या. दोरीची गाठ आवळत होत्या, मान वर केली नाही. "तुझ्यावर आहे, माझ्यावर जास्त आहे. राग जायला पाहिजे असं कुणी सांगितलं तुला? गेला की माणूस परत तसाच वागायला लागतो." मग एक कागद माझ्या हातात दिला. त्यावर कौशांबीतला एक पत्ता होता. काकांच्या व्यायामाच्या ठिकाणी भेटलेले माथुर साहेब, तोच आजार. त्यांच्या कॉम्प्युटरचं काम काकू बघत असत. "आता तू जा," एवढंच म्हणाल्या.

महिन्याभरात माथुरांकडून फोन आला. मशीन चालत नाही. मी गेले. सून घाईत होती. "पापाजी का तो बस टाइमपास है," ती म्हणाली, "आप सीधा फ़ॉर्मेट कर दीजिए."

मी स्टूल ओढलं आणि माथुर साहेबांच्या समोर बसले. "अंकल, इसमें आपका क्या-क्या रखा है?"

त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"वो नहीं बता पाएँगे," सून म्हणाली. "इन्हें कुछ नहीं चाहिए."

"मैंने आपसे नहीं पूछा!"

माझा आवाज इतका चढलेला मी स्वतः कधी ऐकला नव्हता. सून दारातच थांबली. मी माफी मागितली नाही. माथुर साहेबांनी डावा हात मांडीवरून उचलला आणि स्क्रीनच्या दिशेने नेला. मी माउस त्यांच्या तळव्याखाली सरकवला आणि माझा हात मागे घेतला.