पानावरची हाक

जेवण झालं की लवूला झोप येते ती बिनबोलावता, आणि आज बोलावूनही येत नाही. पडवीत घोंगडी टाकून तो आडवा झाला आहे. उशाशी तांब्यातल्या पाण्यात जांभळीची कोवळी पानं भिजत घातलेली आहेत. आत माजघरात पाळणा टांगलाय आणि शेवंता, त्याची बायको, त्याच्याकडे पाठ करून पाळण्याची दोरी ओढते आहे. उन्हं कलली की मंडळी येणार. गावाची पारध निघणार, आणि भेकराला हाक घालायला या वर्षी पहिल्यांदाच लवू बसणार.

ही गोष्ट शिकारीवर बंदी यायच्या आधीची. तेव्हा शिमग्यात देवाच्या नावाने गाव रानात जाई, आणि काही मिळालं तर देवाचा वाटा काढून बाकीचं घरोघर वाटलं जाई. हाक घालायचा मान लवूच्या मामाच्या घराचा. पानावर पाडसाचा आवाज काढायचा, की भेकर जाळीतून बाहेर येतं. मागे बंदूकवाला बसलेला असतो. भिवामामाने हे उभा जन्म केलं. पण गेल्या पावसाळ्यात त्याचे पुढचे दात गेले, आणि दातच नाहीत तर पान धरायचं कशात? मामाला मूलबाळ नाही. आहे तो हा भाचा, आई लहानपणीच गेल्यामुळे मामानेच वाढवलेला. त्याने हाक घातली नाही तर मान जाणार पलीकडच्या वाडीत. आणि मान गेल्यावर माणसाने जगायचं कशाला, नुसती पेज प्यायला, असं मामा दिवसातून एकदा तरी म्हणतो.

शिकणं मात्र सोपं गेलं नाही. लवूने पान तोंडाला लावलं की गोठ्यातली गाय दावं तोडायला बघायची. "लवू पान वाजवता की पत्रो फाडता?" असं येणारेजाणारे विचारायचे. मामा डोळे मिटून ऐकत बसायचा.

"तू 'ये, ये' करतंस रे," तो म्हणायचा. "पाडस कोणाक 'ये' म्हणता? पाडस म्हणता, मी हंय आसंय. बस, तितक्याच. एकदा वाजवायचा नि गप रवायचा. जास्त वाजवलंस तर ती वळाकता. भुकेल्या पोराक इतको दम नसता."

"येता ती पाडसाची आयच मां, मामा?" लवूने एकदा विचारलं.

"कोण येयत ता देवाक ठावक," मामा म्हणाला आणि तंबाखूची चंची शोधायला लागला. प्रश्न अडचणीचा आला की मामाची चंची नेमकी हरवते.

मग परवा तो आवाज सापडला. शेवंता व्हाळावर कपडे धुवायला गेली होती. पाळण्यातली चिमी भुकेने उठली आणि रडली. झोका द्यायचा सोडून लवू कान देऊन ऐकत राहिला. ती रडायची थांबली तेव्हा त्याने पान दातांत धरलं आणि तसंच वाजवलं, एकदाच. मग गप राहिला. बघतो तर शेवंता चढणीवरून धावत येते आहे, ओलं लुगडं पायात अडकतंय, चोळी दुधाने भिजलेली. आणि चिमी अंगठा तोंडात घालून कधीच झोपलेली.

शेवंताने आधी पाळण्यात पाहिलं, मग त्याच्या हातातल्या पानाकडे.

"माझ्या दुधाची मस्करी करतास?" ती म्हणाली. तेव्हापासून ती कामापुरतं बोलते.

मामाला हे कळलं तेव्हा त्याचा आनंद पोटात मावेना. "झाला! शिकलो माझो भाचो!" म्हणून त्याने अख्ख्या वाडीला सांगितलं. लवूला मात्र घास गोड लागत नाही. आवाज निघाला नाही तर काय, याची भीती होती तोवर बरं होतं. आता तो निघेल, याची भीती वाटते, आणि ही भीती सांगायची कोणाला?

पाळण्याची दोरी कुरकुरते आहे. आढ्यावर कवडसा हलतोय. दोरी कुरकुरते, थांबते, कुरकुरते. मग नुसती दोरीच कुरकुरते आणि पाळणा कुठे दिसत नाही.

पडवीला खांब जरा जास्त झाले आहेत. लवू हात लावून बघतो तर खांबांना साल आली आहे, आणि वर, जिथे कौलं असायची, तिथे पालवी. त्याला याचं नवल वाटत नाही. शिमग्यात पालवी फुटायचीच. फक्त घोंगडी काढून ठेवायला हवी होती, एवढंच मनात येतं. दातांत पान आहे.

तो वळतो तर तालुक्याचा मोटारस्टँड. बाकांवर गावची सगळी मंडळी बसली आहेत, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, जिकडून वारा येतो तिकडे. मांडीवर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांब लांब. कोणी बोलत नाही, विडी ओढत नाही, खोकत नाही. तिकिटाच्या खिडकीत गावकार बसला आहे. गावातला पहिला मानकरी तो, पारधीची बंदूक त्याची.

"गाडी कधी येतली?" लवू विचारतो.

"तुझ्या आवाजार येतली," गावकार म्हणतो. "वाजव."

लवू वाजवतो. एकदाच. आवाज इतका खरा निघतो की त्याच्याच अंगावर काटा येतो.

मग तो गप राहतो. मामाने शिकवलंय तसा.

मोटारीचा पत्ता नाही. तांबड्या मातीच्या रस्त्यावर धूळ उठत नाही, आणि त्या न उठणाऱ्या धुळीतून एक बाई चालत येते आहे. चार पावलं टाकते, थांबते. एक पाय उचललेला तसाच ठेवून ऐकते. पुन्हा येते. लवू तिला ओळखत नाही. तिचा फोटो घरात कधी नव्हता, तिचं तोंड त्याला आठवत नाही, तिच्या आवाजाचा एक शब्दही त्याच्याकडे नाही. तरी त्याला माहीत आहे. मोटारस्टँडवरच्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर ते गोणपाटं सोडायला लागले आहेत.

ती सगुणा, त्याची आई. आणि ती त्याच्याहून लहान आहे. शेवंतापेक्षाही लहान असेल, पोरसवदा, डोळ्यांत काजळ घातलेली.

"झिला," ती म्हणते, "रडतंस कित्याक?"

ती दोघं आता चुलीपाशी बसली आहेत. त्यांच्याच घरातली चूल, वैलावर दुधाचं भांडं. पण लवूच्या पाठीमागे भिंत नाही, बाक आहेत, आणि बाकांवर मंडळी. त्याला मागे बघवत नाही.

"मी रडाक नाय, आये. मी... शिकत होतंय."

"काय शिकत होतंस?"

शरमेने त्याची मान खाली जाते. दातांतलं पान त्याने काढून मुठीत लपवलं आहे.

"मी आपली धावत इलंय," ती म्हणते. रागाने नाही, नुसतं सांगते. तिचा श्वास अजून चढलेला आहे. "तेव्हा येवक जमूक नाय मां. देवी इल्ले माका. तुका पलीकडच्या घरात ठेवल्यानी. तू रडत होतंस, नि मी भिंतीच्या आडसून आयकत होतंय. उठाक कोणी दिल्यानी नाय."

लवूला हे कोणी कधी सांगितलेलं नाही. ताप येऊन गेली, एवढंच तो ऐकून आहे.

"किती दिस?" तो विचारतो.

"तू गप होयपर्यंत," ती म्हणते. "मगे माका कळाक नाय, तू गप झालंस की मी."

मागे काहीतरी खट् करतं. बंदुकीचा घोडा ओढल्याचा आवाज लवूला चांगला माहीत आहे. हाक घालणाऱ्याने उठायचं नाही, हलायचं नाही, हा नेम. तो उठतो. बाकांना पाठ करून तिच्यासमोर उभा राहतो, हात पसरून, अंगणात कोंबड्या अडवताना माणूस राहतो तसा.

"आये, जा. परत जा."

"तू रडतलंस आणि मी जाव?"

"मी रडना नाय!"

"आयकाक येता माका," ती म्हणते. आणि खरंच, त्याने पान मुठीत दाबून धरलंय तरी ते वाजतंय. बारीक, भुकेलं, थांबतच नाही. मामाने त्याला बोलवायचं शिकवलं. परत पाठवायचं काही शिकवलेलं नाही, मामालाही ते येत नसणार. बोलावलेलं कोणी परत गेलंय कधी?

ती पुढे येते. तिच्या अंगाला धुराचा वास आहे आणि ओल्या पानांचा. तिचं डोकं त्याच्या छातीशी येतं. ती स्वतःच्या डोळ्याच्या कडेचं काजळ बोटावर घेते, त्याची हनवटी वर करते आणि खाली, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, बोट टेकवते. बोट गार आहे.

"आता गप रव," ती म्हणते. "तू गप रवलंस तर मी जातलंय. तू बोललंस तर माका जावक जमाचा नाय."

लवूला किती विचारायचं आहे. तिला कशाची भाजी आवडायची, ती गाणं म्हणायची का, आपलं नाव कोणी ठेवलं, चिमीला बघून जातेस का. उभ्या जन्मात एकदा आई समोर उभी आहे, आणि तिला बंदुकीच्या तोंडातून काढायची तर एक अक्षर बोलायची चोरी. तो ओठ मिटतो, दात दातांवर दाबतो. मुठीतलं पान हळूहळू मंद होतं. मग थांबतं.

ती कान देऊन ऐकते. एक पाय उचललेला. तिच्या तोंडावरची घाई जाते. मग ती वळते आणि खांबांमधून, झाडांमधून, चालत जाते, सावकाश. पोर झोपल्यावर बाई चालते तशी. एकदाही मागे बघत नाही. बघावं असं त्याला वाटतं, आणि बघू नये असंही.

"ओ. उठा. मंडळी इली."

शेवंता दारात उभी आहे. अंगणात उन्हं कलली आहेत, कुत्रे भुंकताहेत. गावकार बंदूक खांद्याला लावून तुळशीपाशी उभा आहे आणि भिवामामा धुतलेला सदरा घालून सगळ्यांच्या पुढे. आज त्याने पागोटंही बांधलं आहे.

लवूच्या घशाला कोरड पडली आहे. तो उशाचा तांब्या उचलतो, पानं बोटांनी अडवून, मान मागे टाकून पाण्याची धार तोंडात सोडतो.

"ह्या काय?" शेवंता जवळ येते. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच इतकी जवळ आली आहे. "हनवटीखाली तीट कोणी लावली तुमका?"

"खंय?"

"हंय. काजळ तर संपलाहा. चिमीक पण लावक नाय आज."

लवू बोट लावून बघतो. बोटाला काळं येतं, ताजं, तेलकट.

मामा पायरी चढून वर येतो. "काय झाला? तयार हस मां रे?" म्हणत तो लवूची हनवटी धरून वर करतो, आणि तसाच थांबतो. त्याचं बोळकं उघडं राहतं.

"थंय कोण लावता?" तो म्हणतो, दुसऱ्या कोणाला नाही, स्वतःलाच. "गालार लावतत लोक. आमची सगुणा लावी थंय. गालार लावल्यार लोक हसतत म्हणून. मी तरी हसायचंयच तिका."

"भिवा," अंगणातून गावकार हाक मारतो, "उन्हा चालली. भाचो एकदा वाजवन दाखवतलो मां?"

मामा लवूच्या हातातला तांब्या घेतो. आतली पानं काढतो, एकेक करून बघतो, कोवळी, हिरवीगार, चांगली भिजलेली. मग ती मुठीत चुरगाळतो.

"नाय," तो वळून म्हणतो. "पाना सुकली. औंदा आमच्या घरात्सून हाक नाय. मान तुमी कोणाक देतास ता बघा."

गावकार काहीतरी विचारतो, कोणीतरी हसतं, कोणीतरी पलीकडच्या वाडीतल्याचं नाव घेतं. मामा तिकडे बघत नाही. पागोटं सोडून तो पडवीच्या कडेला बसतो, लवूच्या घोंगडीवर, आणि हळूच, लहान पोराने विचारावं तसं विचारतो:

"बरी आसा मां ती?"

लवू बोलायला तोंड उघडतो. मग मिटतो. नुसती मान डोलावतो.

आत चिमी जागी होते आणि एकदा रडते. ती दुसऱ्यांदा रडायच्या आत शेवंता तिला उचलून घेते.